अकरा करार आणि कराराबाहेरचा खाणकामगार

कोळसा खाणींतील कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतनकरार २० मे २०२३ रोजी झाला आणि तो १ जुलै २०२१ पासून लागू धरण्यात आला. किमान १९ टक्क्यांची हमीवाढ, भत्त्यांत २५ टक्के वाढ, कोल इंडिया आणि सिंगरेनी या दोन कंपन्यांतील मिळून सुमारे २ लाख ८१ हजार कामगारांना लाभ, आणि एकवीस महिन्यांच्या थकबाकीपोटी एकट्या कोल इंडियाने राखून ठेवलेले ९,२५२ कोटी रुपये. आकडे डोळे दिपवणारे होते यात शंका नाही. ज्या चार मध्यवर्ती कामगार संघटना या वाटाघाटींत कामगारांच्या बाजूने बसल्या, त्यांत हिंद मजदूर सभा होती. २४ डिसेंबर १९४८ रोजी हावड्याला समाजवाद्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संघटना करारावर सही करते, तेव्हा त्या करारात काय आहे याइतकेच त्यात काय नाही हे विचारण्याचा अधिकार, नव्हे कर्तव्यच, समाजवादी कार्यकर्त्यांकडे येते. भारतीय मजदूर संघाने किंवा आयटकने काय केले याचा हिशेब ज्याने त्याने मागावा. घरचा हिशेब आधी झाला पाहिजे.

वाटाघाटी कशा झाल्या हे आठवून पाहावे. संघटनांची मागणी पन्नास टक्क्यांच्या आसपासची, व्यवस्थापनाचा पहिला देकार तीन टक्क्यांचा. मग बैठकांवर बैठका, संपाच्या नोटिसा, आणि शेवटी जानेवारी २०२३ मध्ये १९ टक्क्यांवर समेट. आधीचा दहावा करार वीस टक्क्यांचा होता, नववा पंचवीस टक्क्यांचा. म्हणजे उतरती भाजणी सुरूच आहे. परंतु पंचवीसचे एकोणीस झाले हे येथील दुखणे नव्हे. दुखणे असे की, या सबंध घासाघिशीत, संयुक्त द्विपक्षीय समितीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मंडळींनी, देशाचा निम्म्याहून अधिक कोळसा आज प्रत्यक्ष काढतो आणि वाहतो कोण, हा प्रश्न निर्णायक होऊच दिला नाही.

कोल इंडिया १ नोव्हेंबर १९७५ रोजी अस्तित्वात आली तेव्हा तिचे वार्षिक उत्पादन सुमारे ७ कोटी ९० लाख टन होते आणि कामगार सहा लाखांच्या वर होते. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७ कोटी ३६ लाख टनांवर गेले आणि कायम कामगार-कर्मचारी सव्वादोन लाखांच्या घरात उतरले. उत्पादन जवळजवळ दसपट, माणसे पस्तीस-चाळीस टक्क्यांवर. व्यवस्थापनाचे प्रवक्ते याला उत्पादकतेची किमया म्हणतात. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. भूमिगत खाणी मागे पडल्या, खुल्या खाणी वाढल्या, आज नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा खुल्या खाणींतून येतो, आणि खुल्या खाणीत दर माणशी उत्पादन अनेक पटींनी जास्त असते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. पण शॉवेल आपोआप खणत नाही आणि डंपर आपोआप चढण चढत नाही. त्यावर माणूस बसलेला असतो. तो माणूस कंपनीच्या हजेरीपुस्तकातून नाहीसा झाला याचा अर्थ तो खाणीतून नाहीसा झाला असा होत नाही. तो ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात गेला आहे. आणि पुष्कळदा तेथेही धड नाही.

हे पाहण्यासाठी धनबादपर्यंत जाण्याचे कारण नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि घुग्घुस, माजरी, वणी, सास्ती, उमरेड या पट्ट्यात कोणत्याही मोठ्या खुल्या खाणीच्या तोंडाशी पाळी बदलण्याच्या वेळी उभे राहिले म्हणजे पुरे. कोळशावरची माती आणि दगड काढण्याचे काम, ज्याला खाणीत सगळे नुसते ओबी म्हणतात, ते बहुतांशी ठेकेदाराच्या यंत्रांनी होते. कोळशाची वाहतूक ठेकेदाराची. सायडिंगवरची भराई, सांडलेला कोळसा उचलणे, पाण्याचे टँकर, पहारा, झाडलोट, हीदेखील ठेकेदाराचीच. एकाच खाणीत, त्याच धुळीत आणि त्याच मे महिन्यातल्या चंद्रपुरी उन्हात दोन डंपर फिरत असतात. एकाच्या चालकाला राष्ट्रीय वेतनकराराची श्रेणी, महागाई भत्ता, आजारपणाची भरपगारी रजा, दवाखाना आणि क्वार्टर आहे. दुसऱ्याचा रोज ठेकेदार ठरवतो, आणि ठेका संपला की नोकरी संपते. यातला पहिला बहुधा निवृत्तीकडे झुकलेला असतो. त्याच्या जागी भरती व्हायची नसते. दुसरा पंचविशीतला असतो. कधी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, कधी ज्याच्या बापाचे दोन एकर खाणीत गेले नाहीत, दीडच गेले, आणि दर दोन एकरांमागे एक नोकरी या नियमात जो बसला नाही असा त्याच गावचा मुलगा. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे ठेकेदाराला किती सोपे जाते हे तेथल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

ठेकेदारी ही कोळसा खाणींत नवी नाही. झरिया-राणीगंजच्या खाणींत इंग्रजी अमदानीत रेझिंग कॉन्ट्रॅक्टर म्हणून एक प्राणी असे. मालकाने खाणीचे तोंड त्याच्या हवाली करायचे, त्याने माणसे जमवायची, त्यांच्याकडून कोळसा काढून घ्यायचा, टनामागे मालकाकडून दर घ्यायचा आणि माणसांना काय द्यायचे ते त्याचे तो पाहील. खाणीचा मालक कामगाराला तोंडही दाखवत नसे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने, जो काही समाजवाद्यांचा अड्डा नव्हता, या पद्धतीवर ठपका ठेवला होता. पुढे स्वातंत्र्य आले, लवाद झाले, निवाडे झाले, १९६२ मध्ये वेतनमंडळ नेमले गेले आणि त्याच्या शिफारशी १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू व्हायच्या ठरल्या. खाजगी खाणमालकांपैकी अनेकांनी त्या कागदावरच ठेवल्या. खोटी हजेरीपुस्तके, बुडवलेला भविष्यनिर्वाह निधी, लाठी बाळगणारे पहिलवान, ही त्या काळच्या झरियाची ओळख होती. कोकिंग कोळशाच्या खाणी १ मे १९७२ रोजी आणि बाकीच्या १ मे १९७३ रोजी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या त्या नुसत्या कोळशाच्या शास्त्रशुद्ध उत्खननासाठी नव्हेत. मालक वेतनमंडळाला जुमानत नाही, या अनुभवाचाही त्या निर्णयात वाटा होता.

राष्ट्रीयीकरणानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत जे घडले त्याकडे आज मुद्दाम वळून पाहावे असे आहे. डिसेंबर १९७४ मध्ये पहिला राष्ट्रीय वेतनकरार झाला, तो १ जानेवारी १९७५ पासून अमलात आला. आणि बरोबर एक महिन्याने, १ फेब्रुवारी १९७५ रोजी, केंद्र सरकारने १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली अधिसूचना काढून कोळसा खाणींत कोळसा काढणे, भरणे-उतरवणे, ओबी काढणे, माती कापणे, भूमिगत दगडी मार्ग खोदणे या कामांवर कंत्राटी कामगार लावण्यास बंदी घातली. करार आणि बंदी एकापाठोपाठ आली हा तारखांचा योगायोग असेलही, पण त्यामागचे तर्कशास्त्र पक्के होते. चांगला वेतनकरार करायचा आणि ठेकेदाराची वाट मोकळी ठेवायची, म्हणजे तळ नसलेल्या बादलीत पाणी ओतायचे, हे त्या वेळच्या लोकांना कळत होते. पुढच्या राष्ट्रीय वेतनकरारांतही या आशयाचे कलम आले. २७ जुलै १९८९ रोजी झालेल्या चौथ्या करारातील कलम ११.५.१ आणि ११.५.२ नुसार, कायम आणि बारमाही स्वरूपाच्या कामांवर ठेकेदारामार्फत कामगार लावायचे नाहीत आणि अशी जी कामे ठेकेदारांकडे असतील ती कंपनीने आपल्या कायम कामगारांकडून करून घ्यायची, असे दोन्ही पक्षांनी मान्य केले.

म्हणजे कायदा होता आणि करारही होता. मग अंमलबजावणी कशी झाली?

ओरिसातील ब्रजराजनगरच्या कामगारांना विचारावे. महानदी कोलफील्ड्सच्या तेथील रेल्वे सायडिंगवर, बंकरखाली सांडलेला कोळसा काढण्याचे वगैरे काम ३२ कामगार १९८४ ते १९९४ या काळात ठेकेदाराच्या हाताखाली करत होते. चौथ्या कराराच्या कलमाचा आधार घेऊन संघटनेने त्यांना कायम करण्याची मागणी केली. १९९७ मध्ये समझोता होऊन १९ जणांना कायम करण्यात आले. उरलेल्या १३ जणांचे काम बारमाही नाही, असे कंपनीने सांगितले. औद्योगिक न्यायाधिकरणाने २००२ मध्ये त्या तेरा जणांच्या बाजूने निवाडा दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही १२ मार्च २०२४ रोजी हरली. तेरा माणसांना एक कलम लागू करून घ्यायला तीन दशके लागली, आणि तेही कंपनी सरकारी असताना, कलम दोघांच्या सहीचे असताना. या तेरांच्या विजयाबद्दल समाधान मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, याच काळात तीच कंपनी आणि तिच्या भगिनी कंपन्या हजारोंच्या संख्येने नवे कंत्राटी कामगार खाणीत उतरवत होत्या. दरम्यान ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगून टाकले होते की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी त्या कामगारांना मूळ मालकाने आपोआप सामावून घेण्याचे बंधन नाही. यापुढे बंदीची मागणी करणे म्हणजे आपल्याच रोजगारावर धोंडा मारून घेणे, असा अर्थ कंत्राटी कामगाराच्या मनात पक्का झाला तर नवल नाही.

आता अर्थशास्त्राकडे येणे भाग आहे, कारण या प्रश्नाची गोम तेथे आहे. कायम कामगाराचे वेतन करारागणिक वाढते, ते वाढलेच पाहिजे. पण ठेकेदाराकडील कामगाराचे वेतन त्या करारात बांधलेले नसेल, तर प्रत्येक करारानंतर दोघांच्या वेतनातील दरी रुंदावते. ही दरी म्हणजे व्यवस्थापनाच्या दृष्टीने ठेकेदारीचा नफा. दरी जितकी मोठी, तितके एक कायम पद रिकामे ठेवून ते काम निविदा काढून देण्याचे आकर्षण मोठे. म्हणजे व्याप्तीचे कलम निकामी झालेला वेतनकरार हा कामगारांचा करार राहत नाही. तो व्यवस्थापनाला ठेकेदारीसाठी दिलेले उत्तेजन होतो. एकोणीस टक्के कोणाच्या खिशातून गेले याचा हिशेब मांडला तर त्यातला मोठा भाग, पुढल्या पाच वर्षांत जी पदे भरली जाणार नाहीत त्या पदांतून वसूल होतो असेच दिसेल. सही करणाऱ्या संघटनांच्या नेत्यांना हे कळत नाही असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. मग कळूनही काय, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

कंत्राटी कामगारांसाठी काहीच केले नाही असे नाही, असे एक उत्तर येते. एक उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि तिने ठरवलेले दर १ जानेवारी २०१३ पासून लागू झाले. अकुशल कामगाराला त्या वेळी रोजी ४६४ रुपये, आणि त्यावर पुढे महागाईनुसार वाढ. किमान वेतनापेक्षा हे दर बरे होते हे मान्य. पण कोळसा काढणाऱ्या माणसाला राष्ट्रीय वेतनकराराच्या श्रेणीतून बाहेर काढून त्याच्यासाठी निराळे, खालचे दरपत्रक तयार करणे, आणि तेही कंत्राटदाराच्या निविदेतील एक अट म्हणून, याला वाटाघाटी म्हणत नाहीत. शिवाय हे दर मिळतात का? खाणपट्ट्यातली सर्रास ऐकू येणारी तक्रार अशी की, रक्कम बँकेच्या खात्यात नियमाप्रमाणे जमा होते, कागद निर्दोष राहतो, आणि त्यातला काही भाग रोखीने ठेकेदाराच्या मुकादमाकडे परत जातो. नाही म्हणेल त्याला दुसऱ्या दिवशी पाळी नसते. टबावर मजुरी मोजणाऱ्या जुन्या रेझिंग कॉन्ट्रॅक्टरच्या हिशेबापेक्षा हा हिशेब सुबक आहे, एवढेच.

दिवाळी-दुर्गापूजेच्या सुमारास कोल इंडियात जो कामगिरीशी निगडित बक्षिसाचा करार होतो, त्याचे आकडेही पाहावेत. कायम कामगाराला २०२३ मध्ये ८५ हजार रुपये, २०२४ मध्ये ९३ हजार ७५० रुपये, २०२५ मध्ये १ लाख ३ हजार रुपये. कंत्राटी कामगाराला कायद्याने ठरलेला किमान ८.३३ टक्के बोनस, तोही कायद्यातील मर्यादेपर्यंतच्या मजुरीवर मोजून, आणि तोही मिळाला तर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ज्यांना कामगार चळवळीचा इतिहास ठाऊक आहे त्यांना दल्ली-राजहरा आठवल्यावाचून राहणार नाही.

दल्ली-राजहरा या कोळशाच्या नव्हे, भिलाई पोलाद कारखान्याच्या लोखंडाच्या खाणी. तेथे १९७७ च्या आरंभी इंटक आणि आयटक या दोन मान्यताप्राप्त संघटनांनी बोनसचा करार केला. कायम कामगाराला ३०८ रुपये आणि कंत्राटी कामगाराला ७० रुपये. दोघेही तोच दगड फोडत होते. किंबहुना हाताने फोडण्याचे काम कंत्राटी कामगारच करत होते. मार्चमध्ये हजारो कंत्राटी कामगार दोन्ही संघटना सोडून बाहेर पडले. त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला आणि शंकर गुहा नियोगींना नेतृत्वासाठी बोलावले. जूनच्या दोन आणि तीन तारखांना पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अकरा जण मारले गेले. पण संघ मोडला नाही. पुढे दारूबंदी, श्रमिकांचा स्वतःचा दवाखाना, यांत्रिकीकरणाला दिलेले शहाणे उत्तर, अशी जी कामे त्या संघाने उभी केली ती देशातल्या कामगार चळवळीत क्वचितच कोणी केली असतील. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. ज्या दोन संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी ३०८ आणि ७० च्या करारावर सह्या केल्या, ते काही ठेकेदाराचे हस्तक होते असे म्हणण्याचे कारण नाही. ते आपल्या वर्गणीदार सभासदांसाठी जमेल तितके चांगले वेतन मिळवत होते. चूक तेथेच होती.

हिंद मजदूर सभेच्या खाणक्षेत्रातील नेत्यांचा युक्तिवाद आज याहून निराळा नाही. कंत्राटी कामगार संघटनेचा सभासद होत नाही, झाला तर ठेका बदलताच गळतो, मग त्याच्या वतीने बोलणार कसे? हा युक्तिवाद उलट्या दिशेने चालतो. वाटाघाटीत ज्याच्या वाट्याला काही येत नाही तो वर्गणी कशासाठी भरील? जी संघटना त्याला सात-आठ वर्षांत एकदाही ठेकेदाराच्या कचेरीपर्यंत घेऊन गेली नाही, तिचा झेंडा त्याने कोणत्या भावनेने खांद्यावर घ्यावा? आधी त्याने यावे मग आम्ही लढू, असे मालकाने म्हटले असते तर ते शोभले असते.

दुसरा युक्तिवाद महागाईचा. सर्वांना करारातले वेतन द्यायचे तर कोळसा महागेल, वीज महागेल, गरिबाच्या घरात अंधार होईल. सरकारी अर्थतज्ज्ञांची ही आवडती धमकी आहे. ती एकदा मोजूनच पाहावी. समजा एक लाख कंत्राटी कामगार आहेत आणि त्यातील प्रत्येकाला वर्षाला आणखी तीन लाख रुपये द्यायचे आहेत. खर्च झाला तीन हजार कोटी रुपये. २०२३-२४ मध्ये कोल इंडियाचा करोत्तर नफा ३७,४०२ कोटी रुपये होता. म्हणजे नफ्याचा बारावा हिस्सा. नफ्याला हात लावायचा नाही असा कोणाचा नवस असेल तर ही रक्कम ७७ कोटी टनांवर पसरावी; टनामागे एकोणचाळीस रुपये होतात. एका टनातून पंधराशेच्या आसपास युनिट वीज होते असे धरले तर युनिटमागे तीन पैशांपेक्षाही कमी. कामगारांची संख्या दुप्पट धरावी, सहा पैसे होतील. तीन पैशांचा भार नको म्हणून एका माणसाचे निम्मे आयुष्य कापून घ्यायचे, हा हिशेब ज्यांना राष्ट्रहिताचा वाटतो त्यांनी तो उघडपणे तसा मांडावा. गरिबाच्या दिव्याआड लपू नये.

येथे एका आनुषंगिक प्रकरणाचा उल्लेख केला पाहिजे. अकरावा करार झाल्यावर काही अधिकारी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेले. कामगारांचे वेतन अधिकाऱ्यांच्या वर जाते आणि हे सार्वजनिक उपक्रम विभागाच्या मार्गदर्शक तत्त्वांविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्ट २०२३ मध्ये एकसदस्य पीठाने कराराला दिलेली मंजुरी रद्द केली. पुढे अपिलात त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. खोऱ्याने कोळसा भरणाऱ्याचा पगार खुर्चीवरच्यापेक्षा जास्त होतो, या कल्पनेने ज्यांची झोप उडाली त्यांच्याविरुद्ध संघटनांनी ताबडतोब संपाची हाक दिली, आणि ती योग्यच होती. प्रश्न एवढाच की, ओबी काढणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाचा पगार शेजारच्या डंपरवाल्याच्या कितीतरी खाली असतो, यासाठी त्याच चार संघटनांनी मिळून देशव्यापी संपाची तारीख अशीच तडकाफडकी कधी जाहीर केली?

आणि हा प्रश्न नुसत्या पगाराचा राहत नाही. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या गोड्डा जिल्ह्यात, ईस्टर्न कोलफील्ड्सच्या राजमहल खुल्या खाणीत, ललमटिया येथे ओबीचा डोंगर घसरला आणि तेवीस कामगार यंत्रांसकट गाडले गेले. ते खाजगी ठेकेदार कंपनीकडचे कामगार होते. ज्याला नोकरीची शाश्वती नाही तो कामगार, कडा धोक्याची दिसत असली तरी पाळी नाकारू शकत नाही. आणि करारातील सुरक्षा समितीत त्याचा आवाज नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कोल इंडियाने अपघात विम्याची नवी योजना मोठ्या समारंभाने जाहीर केली. कायम कामगार मेला तर एक कोटी रुपये, कंत्राटी कामगार मेला तर चाळीस लाख. दरडीला दोघांत फरक करता येत नाही; तो विम्याच्या कागदाने केला. यावर संघटनांनी आभाळ कोसळवले असते तर समाजवादाचे नाव घेण्यात अर्थ होता.

पुढचा काळ याहून कठीण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा इतिहासजमा झाला. नव्या संहितेत उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, असे मोठ्या तोंडाने सांगितले जाते. पण त्याच कलमाखाली अपवाद आहे: जे काम त्या आस्थापनेत सर्वसाधारणपणे ठेकेदाराकडूनच होते, ते गाभ्याचे असले तरी ठेकेदाराला देता येईल. पन्नास वर्षे बंदी मोडून ओबी ठेकेदाराकडे दिले, आणि आता ती मोड हीच रीत ठरून कायदेशीर झाली. कुंपणाने शेत खाल्ले आणि सातबाराही कुंपणाच्या नावे झाला.

त्यात जून २०२० मध्ये व्यापारी खाणकामासाठी खाणींचे लिलाव सुरू झाले. २०२४-२५ मध्ये देशात जे सुमारे १०५ कोटी टन कोळशाचे उत्पादन झाले, त्यातले सुमारे १९ कोटी टन कंपन्यांच्या स्वतःच्या वापराच्या आणि व्यापारी खाणींतले होते. लिलावात खाणी घेतलेल्या नव्या मालकांवर राष्ट्रीय वेतनकरार बंधनकारक नाही. खुद्द कोल इंडियाही नव्या खाणी विकसित करून चालवण्याची सबंध जबाबदारीच दीर्घ मुदतीने खाजगी कंपन्यांकडे देत आहे. खाण कंपनीची, कोळसा कंपनीचा, आणि मधला सारा कारभार दुसऱ्याचा. व्हिटली आयोगाचे सभासद आज आले असते तर त्यांना नवे काही शिकावे लागले नसते. वेतनकरारात बसलेला कामगार हा दर वर्षी लहान होत जाणारा तुकडा आहे, आणि तो तुकडा राखण्यातच संघटना गुंतून राहिल्या तर आणखी दोन करारांनंतर टेबलावर बसायला कोणाचे प्रतिनिधित्व उरेल याचा विचार निदान त्यांनी स्वार्थापोटी तरी करावा.

कायम कामगाराचे वेतन फार झाले असा याचा अर्थ कोणी काढू नये. तसा अर्थ काढायला वर्तमानपत्रांचे अग्रलेखक टपलेलेच आहेत. भूमिगत खाणीत पंचवीस-तीस वर्षे काढून फुप्फुसे गमावलेल्या माणसाला जे मिळते ते जास्त नाही. मागणी त्याचे काढून दुसऱ्याला देण्याची नाही. कोळसा जगातून जाणारच, मग आता ही उठाठेव कशाला, असे म्हणणाऱ्या पर्यावरणवादी मित्रांनीही ध्यानात घ्यावे की, खाणी बंद होतील तेव्हा कायम कामगाराला निवृत्तीवेतन आणि बदली मिळेल, कंत्राटी कामगाराला गेटपास परत करावा लागेल. आज त्याला कोळसा कामगार म्हणून नोंदवले नाही तर उद्याच्या पुनर्वसनाच्या यादीत त्याचे नाव येणार कोठून?

अकराव्या कराराची मुदत ३० जून २०२६ ही आहे. बाराव्या कराराचे मागणीपत्र तयार करताना हमीवाढीचा टक्का पहिल्या कलमात असू नये. खाणीच्या हद्दीत कोळसा आणि ओबी काढणारा, भरणारा, वाहणारा प्रत्येक माणूस, तो कोणाच्याही हजेरीपुस्तकात असो, राष्ट्रीय वेतनकराराच्या श्रेणीतच मोडेल, आणि फरक ठेकेदाराने दिला नाही तर कंपनीने द्यावा, हे पहिले कलम असावे. चौथ्या करारातील कलम ११.५ चे पुनरुज्जीवन, त्यासोबत अंमलबजावणीचे वेळापत्रक आणि मोडल्यास दंड, हे दुसरे. व्यवस्थापन म्हणेल, हे समितीच्या कक्षेत येत नाही. पाचवा करार १ जुलै १९९१ पासूनचा होता, त्यावर सही १९ जानेवारी १९९६ रोजी झाली. टक्क्यांसाठी साडेचार वर्षे थांबता आले तर कक्षेसाठीही थांबता येईल. हिंद मजदूर सभेने या दोन कलमांवाचून सही करायची नाही असे आधी जाहीर करावे. बाकीच्या तीन संघटना तरीही सही करतील अशी भीती आहे. करोत. करार चार सह्यांचा असो की तीन, सही नसलेली जागा खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसेल, आणि ती कोणाची व का कोरी राहिली हे तो विचारील.

त्याआधी करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. वणी, माजरी, घुग्घुस, उमरेड या क्षेत्रांत कोणत्या खाणीत कोणत्या ठेकेदाराची किती माणसे आहेत, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, बँकेत किती येतात आणि हातात किती राहतात, याची गावनिहाय नोंद पक्षाच्या आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पाळी सुटण्याच्या वेळी गेटवर उभे राहून करावी. कंपनीच्या कार्मिक विभागाकडे ती तयार असते, पण मागितली तर मिळत नाही. ही यादी हाती नसताना बाराव्या समितीत जाऊन बसणाऱ्या प्रतिनिधीला व्यवस्थापन पहिल्याच बैठकीत विचारील की, तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलता ते किती आहेत आणि कोण आहेत. आणि मग चर्चा पुन्हा टक्क्यांवर येईल.